काळे अस्वल गोठ्याच्या दारात : भरपाईआधी बंदोबस्तावर खर्च हवा

डेहराडून : उत्तराखंडमधील पौडी आणि चमोली जिल्ह्यांतून २०२५ च्या पावसाळ्यानंतर आणि त्या वर्षीच्या हिवाळ्यात काळ्या अस्वलांच्या हल्ल्यांची वृत्ते सातत्याने येत राहिली. गवत कापण्यासाठी रानात गेलेल्या महिला जखमी झाल्या आणि काही गावांत सायंकाळनंतर घराबाहेर पडणे लोकांनी टाळले. याच काळात पौडीतील थलीसैण परिसरातून अस्वलाने रात्री गोठ्यांत शिरून गुरे मारल्याच्या तक्रारी आल्या. माणसांवरील हल्ल्यांची दखल स्वाभाविकपणे ठळकपणे घेतली गेली. गोठ्यातील नुकसानीला मात्र बातमीच्या अखेरच्या परिच्छेदात जागा मिळाली.

डोंगरातील कुटुंबाच्या दृष्टीने हे दुसरे नुकसान किरकोळ नसते. परसात बांधलेली एक-दोन गुरे, चार शेळ्या आणि खुराड्यातील कोंबड्या हीच अनेक घरांची बचत असते. गाय गेली की दूध जाते, पायऱ्यापायऱ्यांच्या शेतासाठी लागणारे शेणखत जाते आणि गावात राहण्याचे एक कारणही कमी होते. त्यामुळे अस्वलापासून घरची जनावरे कशी वाचवायची हा प्रश्न पशुपालनाइतकाच डोंगराळ गावांच्या अस्तित्वाचाही आहे.

या प्रश्नावर मागणी होते ती बहुधा दोन गोष्टींची : अस्वलाला ठार करा किंवा नुकसानभरपाई वाढवा. पहिल्या मागणीला कायद्याने जवळपास दार बंद केले आहे, तर दुसरी जनावर मेल्यानंतरच उपयोगी पडते. उरतो तो गोठ्याच्या बंदोबस्ताचा मार्ग. तो तुलनेने स्वस्त आणि तांत्रिकदृष्ट्या सोपा आहे. सरकारी खर्चात मात्र त्याला सर्वांत कमी वाटा मिळतो.

मराठी वाचकाला परिचित अस्वलाहून वेगळे

भारतात अस्वलांच्या चार प्रजाती आढळतात. मेळघाट, ताडोबा किंवा बुलढाण्याच्या जंगलांमुळे मराठी वाचकाला परिचित असलेले अस्वल प्रामुख्याने वाळवी, मुंग्या, मोहाची फुले आणि रानफळे यांवर जगते. ते माणसावर हल्ला करते, पण गोठ्यात शिरून गुरे मारणे हा त्याचा सर्वसाधारण स्वभाव नाही. त्याखेरीज उंच हिमालयातील तपकिरी अस्वल आणि ईशान्य भारतातील लहान चणीचे सूर्य अस्वल या दोन प्रजाती आहेत.

चौथे अस्वल म्हणजे आशियाई किंवा हिमालयीन काळे अस्वल. छातीवरील पांढुरक्या चंद्रकोरीमुळे ते सहज ओळखू येते. जम्मू-काश्मीर, हिमाचल प्रदेश आणि उत्तराखंडपासून सिक्कीम, उत्तर बंगाल आणि अरुणाचल प्रदेशापर्यंतच्या डोंगरी जंगलांत त्याचा वावर आहे. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन दोनशे किलोपर्यंत जाऊ शकते. ते झाडावर सफाईने चढते, त्याचे घ्राणेंद्रिय अत्यंत तीक्ष्ण असते आणि पुढच्या पंजांत फळी उचकटण्याइतके बळ असते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत या प्रजातीची नोंद ‘असुरक्षित’ म्हणून आहे.

त्याच्या आहारात वनस्पतींचा वाटा मोठा आहे. बांज, मोरू, खरसू या ओक कुळातील वृक्षांची फळे, अक्रोड, रानबेरी, मध आणि किडे हे त्याचे नेहमीचे खाद्य. मांस मात्र त्याला वर्ज्य नसते. आयते मिळाले तर ते खाते आणि एकदा मिळाले त्या ठिकाणी पुन्हा येते. बिबट्या शिकारी आहे, अस्वल संधिसाधू आहे. हा भेद लक्षात घेतला, तर त्याला रोखण्याची दिशाही स्पष्ट होते. जिथे कष्ट अधिक आणि मिळकत कमी, तिथे अस्वल सहसा फार काळ रेंगाळत नाही.

रानातून परसापर्यंतची वाट

अस्वल वस्तीजवळ का येते, याची कारणे अनेक आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत. ओक वृक्षांना दरवर्षी सारखी फळे येत नाहीत. एखाद्या वर्षी बहर चांगला येतो आणि पुढच्या वर्षी जंगल जवळपास रिते राहते. शरद ऋतूत अस्वलाची भूक कमालीची वाढते, कारण हिवाळ्यातील निद्रेसाठी त्याला शरीरात चरबी साठवायची असते. याच सुमारास जंगलात फळे नसतील, तर मक्याचे शेत, सफरचंदाची बाग, कचऱ्याचा ढीग आणि गोठा ही त्याची पुढची ठिकाणे ठरतात.

हिवाळ्यातही अस्वले जागी दिसतात, याचे कारण म्हणून हिमवृष्टी घटल्याचा किंवा लांबल्याचा उल्लेख वनाधिकारी आणि अभ्यासक करतात. त्याला आणखी एक बाजू आहे. अस्वलाच्या शीतनिद्रेचा संबंध थंडीइतकाच अन्नाच्या तुटवड्याशी असतो. वस्तीजवळ कचरा, पशुखाद्य किंवा मृत जनावरे मिळत राहिली, तर गुहेत जाण्याची निकडच त्याला उरत नाही. म्हणजेच हवामान माणसाच्या हाती नसले, तरी अस्वलाला जागे ठेवणारे अन्न बऱ्याच अंशी त्याच्या हाती आहे.

काश्मीर खोऱ्यात जंगलालगतच्या सफरचंद, चेरी आणि अक्रोडाच्या बागांनी अस्वलासाठी नवे अन्नक्षेत्र निर्माण केले. श्रीनगरच्या वेशीवरील १४१ चौरस किलोमीटरचे दाचीगाम राष्ट्रीय उद्यान हे काळ्या अस्वलाचे महत्त्वाचे वसतिस्थान आहे आणि त्याच्या भोवती वस्ती व बागा आहेत. जंगल कुठे संपते आणि बाग कुठे सुरू होते, ही रेषा तिथे अस्वलासाठी अस्तित्वात नाही.

उत्तराखंडमध्ये बदल उलट्या दिशेने झाला. तिथे माणूस मागे हटला आणि रान पुढे आले. राज्याच्या ग्रामविकास व स्थलांतर आयोगाच्या २०१८ च्या अहवालानुसार २०११ नंतर ७३४ गावे निर्मनुष्य झाली. २०११ च्या जनगणनेत पौडी आणि अल्मोडा या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या आधीच्या दशकापेक्षा घटलेली आढळली होती. पडीक शेतांत झुडपे वाढली आणि गाव व जंगल यांच्यामधला मोकळा पट्टा बुजला. मागे राहिलेल्यांत वृद्ध आणि महिलांचे प्रमाण अधिक आहे. रात्री आरडाओरडा करून जनावर पळवून लावण्याइतके हात अनेक वाड्यांवर आता नाहीत.

गोठ्याची जागाही बदलली आहे. कुमाऊंमधील जुन्या दगडी घरांत खालचा मजला, ज्याला तिथे ‘गोठ’ म्हणतात, गुरांसाठी असे आणि वरच्या मजल्यावर माणसे राहत. मराठीतील ‘गोठा’ या शब्दाशी त्याचे नाते उघड आहे. जाड दगडी भिंती, एकच ठेंगणे दार आणि डोक्यावर माणसांची जाग, अशी ही रचना होती. आता सिमेंटची नवी घरे झाली आणि गुरे बाजूला पत्र्याच्या किंवा फळ्यांच्या शेडमध्ये गेली. गावापासून दूर कुरणाजवळ बांधलेल्या ‘छानी’ तर रात्री बहुधा राखणीविनाच असतात. बहुतेक ठिकाणी अस्वलाच्या बळापुढे टिकेल असे बांधकाम नसते.

बंदुकीचा मार्ग कायद्याने अरुंद

गुरे मारणाऱ्या अस्वलाला गोळी घालण्याची परवानगी का मिळत नाही, असा प्रश्न प्रत्येक घटनेनंतर विचारला जातो. त्याचे उत्तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये आहे. डिसेंबर २०२२ मध्ये संसदेने या कायद्यात दुरुस्ती केली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिच्यानुसार अनुसूचींची फेररचना झाली आणि पूर्वी दुसऱ्या अनुसूचीत असलेले काळे अस्वल पहिल्या अनुसूचीत आले. वाघ, बिबट्या आणि हत्ती यांना मिळणारे सर्वोच्च संरक्षण आता त्यालाही आहे.

हा बदल केवळ कागदी नाही. कायद्याच्या कलम ११ नुसार पहिल्या अनुसूचीतील प्राण्याला मारण्याची परवानगी राज्याचा मुख्य वन्यजीव रक्षक दोनच कारणांसाठी देऊ शकतो. प्राणी मानवी जीविताला धोकादायक झालेला असावा, किंवा बरा होणार नाही इतका जखमी वा रोगग्रस्त असावा. त्यातही त्याला पकडणे, बेशुद्ध करणे किंवा अन्यत्र हलवणे शक्य नाही, अशी खात्री पटल्याशिवाय ठार मारण्याचा आदेश देता येत नाही. उभ्या पिकांसह मालमत्तेला धोका हे कारण कायद्यात आहे, पण ते दुसऱ्या अनुसूचीतील प्राण्यांपुरते. काळे अस्वल त्या अनुसूचीत होते तोवर हा मार्ग किमान तत्त्वतः खुला होता. आता तो बंद झाला आहे.

स्वतःच्या किंवा दुसऱ्या व्यक्तीच्या बचावासाठी सद्भावनेने प्राण्याला मारले, तर तो गुन्हा ठरत नाही. ही तरतूद व्यक्तीच्या बचावापुरती आहे, गाय किंवा शेळी वाचवण्यासाठी ती लागू होत नाही. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षांच्या कारावासाची शिक्षा आहे. विषप्रयोग, फास किंवा विजेच्या मुख्य वाहिनीवरून सोडलेला प्रवाह हे मार्ग पत्करणारा पशुपालक गुरासोबत स्वातंत्र्यही गमावू शकतो. तारेत थेट सोडलेला प्रवाह तर घरच्या मुलाचा किंवा शेजाऱ्याचा जीवही घेऊ शकतो.

अस्वलाला पकडून दुसरीकडे सोडणे हा उपाय ऐकायला सोपा वाटतो. परंतु हलवलेली अस्वले मूळ जागी परतू पाहतात, किंवा नव्या जागी जुनीच सवय चालू ठेवतात, असा जगभरातील अनुभव आहे. डोंगरउतारावर पिंजरा नेणे आणि लावणे हेही सोपे काम नाही. शिवाय गोठा तसाच उघडा राहिला, तर एक अस्वल गेल्यावर दुसऱ्यासाठी जागा रिकामी होते, एवढेच.

नुकसानभरपाईचा क्रम उलटा

केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये वन्यप्राण्यांच्या हल्ल्यातील मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठीचे सानुग्रह अनुदान पाच लाखांवरून दहा लाख रुपये केले. पशुहानी आणि पीकहानीची रक्कम राज्ये आपापल्या निकषांनुसार ठरवतात. ही मदत आवश्यक आहे आणि ती वाढवण्याची मागणीही रास्त आहे. मात्र तिच्या कार्यपद्धतीत एक गंभीर विसंगती आहे.

भरपाई मिळवण्यासाठी पंचनामा हवा. पंचनाम्यासाठी मृत जनावर जागेवर हवे, कारण अंगावरच्या खुणांवरूनच हल्ला कोणी केला हे ठरते. बिबट्या बहुधा गळा धरतो, तर अस्वलाच्या हल्ल्यात पाठीवर आणि खांद्यावर पंजांच्या व दातांच्या जखमा दिसतात. या तपासणीसाठी वनरक्षक आणि पशुवैद्यक गावात पोहोचेपर्यंत मृत गाय गोठ्याजवळ पडून राहते. दुर्गम भागात यात एखादी रात्र सहज जाते. अर्धवट खाल्लेल्या मांसाकडे अस्वल परत येण्याची शक्यता याच रात्री सर्वाधिक असते. भरपाईचा नियम पाळणारा पशुपालक अशा रीतीने अस्वलाला दुसऱ्यांदा निमंत्रण देतो.

यावर उपाय अवघड नाही. मोबाइलवर काढलेली, ठिकाण आणि वेळ नोंदवणारी छायाचित्रे आणि ग्रामप्रधानाचा दाखला यांच्या आधारे प्राथमिक नोंद करून मृत जनावर त्याच दिवशी खोल पुरण्याची मुभा दिली, तर पुढचे नुकसान टळू शकते. खोटे दावे होतील ही शंका खरी आहे. पण त्याची किंमत आज प्रामाणिक पशुपालक मोजत आहे.

विमा हा दुसरा आधार. राष्ट्रीय पशुधन अभियानांतर्गत विमा हप्त्यातील पशुपालकाचा वाटा फेब्रुवारी २०२४ मध्ये १५ टक्क्यांवर आणण्यात आला. पिकांच्या बाबतीत प्रधानमंत्री पीक विमा योजनेत वन्यप्राण्यांमुळे होणाऱ्या नुकसानीला खरीप २०२६ पासून संरक्षण देण्याची घोषणा केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये केली. दोन्ही पावले स्वागतार्ह आहेत. परंतु भरपाई असो वा विमा, दोन्ही नुकसानीनंतर कामाला येतात. नुकसान होऊ नये यासाठीचा खर्च अजूनही बहुतांश पशुपालकाच्याच खिशातून होतो.

मजबूत गोठा म्हणजे काय

अस्वल रोखणारा गोठा बांधण्यासाठी परदेशी तंत्राची गरज नाही. छत, दार आणि खिडकी या तीन जागा भक्कम असाव्या लागतात. अस्वल चढू शकत असल्याने उघडे किंवा सैल पत्र्याचे छत हा सर्वांत दुबळा भाग ठरतो. पत्रा किंवा पाथर तुळयांना घट्ट जखडलेले हवेत आणि भिंत व छत यांमधील फट जाळीने बंद हवी. दार जाड फळ्यांचे, शक्यतो लोखंडी पट्ट्या मारलेले आणि वर-खाली दोन कड्या असलेले असावे. एका कडीचे दार खालच्या कोपऱ्यातून पंजाने ओढता येते. खिडकीला लोखंडी गज हवेत. कोंबड्यांच्या खुराड्याला बारीक पातळ जाळी पुरत नाही. ती कोंबडीला आत ठेवते, पण अस्वलाला बाहेर ठेवू शकत नाही. जाड तारेची जाळी चौकटीला पक्की ठोकलेली असावी आणि रात्री खुराडे बंद खोलीत हलवता आले तर अधिक चांगले.

दुसरा भाग वासाचा. अस्वलाला गोठ्याकडे ओढून नेणारा पहिला दुवा पुष्कळदा गाय नसते, तर पेंड, भरडा किंवा कोंबडीखाद्याची पिशवी असते. खाद्य पत्र्याच्या झाकणबंद पिंपात, घराच्या आत ठेवणे हा सर्वांत स्वस्त बंदोबस्त आहे. खाली पडलेली फळे रोज उचलणे, खरकटे गोठ्यामागे न टाकणे, जार आणि मृत पिल्ले खोल पुरणे आणि मधाच्या पेट्या गोठ्यापासून दूर ठेवणे, ही कामे कंटाळवाणी आहेत. अस्वल एकदा चव घेऊन गेले, की मग मात्र नंतरचे सगळे उपाय महाग पडतात.

गोठ्याभोवतीची झुडपे काढून काही मीटरची जागा मोकळी ठेवली, तर अस्वलाला आडोसा मिळत नाही आणि माणसालाही अंधारात अचानक समोरासमोर येण्याचा धोका राहत नाही. काळे अस्वल दचकले की हल्ला करते आणि त्याच्या हल्ल्यातील जखमा प्रामुख्याने चेहऱ्यावर व डोक्यावर होतात, हा काश्मीरमधील डॉक्टरांचा अनेक वर्षांचा अनुभव आहे. त्यामुळे रात्री गोठ्यातून आवाज आला तर एकट्याने दार उघडून आत जाऊ नये. आतून आवाज करावा, दिवे लावावेत, शेजाऱ्यांना बोलवावे आणि अस्वलाची बाहेर पडण्याची वाट मोकळी ठेवावी.

कुत्र्यांचा उपयोग होतो, पण मर्यादित. हिमालयातील मेंढपाळ भोटिया जातीचे दणकट कुत्रे बाळगतात आणि बिबट्याच्या भीतीने त्यांच्या गळ्यात काटेरी लोखंडी पट्टा घालतात. साध्या गावठी कुत्र्याचे भुंकणे सूचना देते. मात्र बिबट्यांच्या भागात तो स्वतःच भक्ष्य ठरतो. हालचाल टिपून पेटणारे सौर दिवे आणि भोंगे काही काळ परिणामकारक असतात. ते एकाच जागी आणि एकाच प्रकारे चालू राहिले, तर अस्वलाला त्यांची सवय होते.

झटका कुंपण : उपयुक्त, पण निगा हवी

महाराष्ट्रात रानडुकरांविरुद्ध शेतकरी जे ‘झटका मशीन’ वापरतात, त्याच तत्त्वावरचे कुंपण अस्वलाविरुद्धही चालते. सौर पॅनेल, बॅटरी आणि झटका देणारे यंत्र यांतून तारेत क्षणभराचा, उच्च दाबाचा पण जीव न घेणारा स्पंद जातो. अमेरिकेत परसातील कोंबड्या आणि मधाच्या पेट्या काळ्या अस्वलांपासून वाचवण्यासाठी तेथील राज्यांचे वन्यजीव विभाग हाच उपाय प्रथम सुचवतात. तारेतील दाब पाच हजार व्होल्टच्या वर हवा, असा त्यांचा आग्रह असतो. तेथील अस्वल वेगळ्या प्रजातीचे आहे, मात्र दाट केस आणि तीक्ष्ण नाक ही वैशिष्ट्ये सारखीच आहेत.

दाट केसांमुळे झटका अंगाला नीट बसत नाही. तो नाकाला किंवा ओठांना बसला, तरच अस्वल मागे फिरते. म्हणून एक-दोन तारा पुरत नाहीत. जमिनीपासून सुमारे वीतभर उंचीवर पहिली तार आणि त्यावर थोड्या थोड्या अंतराने आणखी तीन-चार तारा लागतात. अंतर वाढले की अस्वल डोके आत घालते आणि पुढे मुसंडी मारते. खडकाळ, कोरड्या किंवा बर्फाच्छादित जमिनीत अर्थिंग नीट होत नाही. अशा ठिकाणी जमिनीला जोडलेली तार आणि प्रवाह असलेली तार आलटून पालटून लावावी लागते. तारेला गवत टेकले की दाब उतरतो. धुक्याच्या दिवसांत बॅटरी पूर्ण भरत नाही. रोज सायंकाळी दाब तपासणारा माणूस नसेल, तर काही महिन्यांत कुंपण केवळ शोभेचे उरते आणि अस्वल ते ओळखते.

सरकारी योजनांचा कल या बाबतीत लक्षणीय आहे. हिमाचल प्रदेशाच्या मुख्यमंत्री खेत संरक्षण योजनेत सौर कुंपणासाठी वैयक्तिक शेतकऱ्याला ८० टक्के आणि गटाला ८५ टक्के अनुदान ठरवण्यात आले. महाराष्ट्रातही डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणासाठी मदत दिली जाते. दोन्ही ठिकाणी विचार प्रामुख्याने पिकाचा आहे. एका शेताच्या कुंपणाला लागणाऱ्या तारेच्या लहानशा भागात गोठ्याचे कुंपण होऊ शकते. तरीही गोठा हा अशा योजनांचा मुख्य घटक झालेला नाही. परसातील कुक्कुटपालनाचा पसारा पाहता ही उणीव लहान नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील परसातील कोंबड्यांची संख्या ३१.७ कोटी होती आणि आधीच्या गणनेपेक्षा ती सुमारे ४६ टक्क्यांनी वाढलेली होती. कोंबड्या वाटण्याच्या योजना पुष्कळ आहेत, पण त्या योजनांबरोबर भक्कम खुराडे क्वचितच येते.

लडाखचा धडा, जपानचा इशारा

बंदोबस्तावर आधी खर्च केल्याने काय साधते, याचे उदाहरण देशातच आहे. लडाखमध्ये हिमबिबट्या रात्री मेंढवाड्यात शिरला, तर एकाच वेळी अनेक मेंढ्या मारतो आणि संतापलेले गावकरी त्याला ठार करत. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी स्नो लेपर्ड कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने गावकऱ्यांसोबत मेंढवाड्यांवर तारेच्या जाळीचे छत आणि भक्कम दारे बसवण्यास सुरुवात केली. साहित्य संस्थेचे आणि श्रम गावाचे, अशी विभागणी होती. सुधारलेल्या वाड्यांतील सामूहिक हानी थांबली आणि सूडाची कारणेही कमी झाली. हिमाचलच्या स्पितीत गावकऱ्यांनीच चालवलेल्या पशुविमा निधीने हीच गोष्ट दुसऱ्या मार्गाने साधली. अस्वल हिमबिबट्याहून बलवान असल्याने जाळी आणि दार अधिक मजबूत हवे, पण कामाची पद्धत तीच राहू शकते.

उशीर झाला तर काय होते, हे जपानमध्ये दिसले. तेथील होन्शू बेटावरील काळे अस्वल हिमालयातील अस्वलाच्याच प्रजातीचे आहे. एप्रिल २०२५ पासून त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत जपानमध्ये अस्वलांच्या हल्ल्यांत १३ जण मृत्युमुखी पडले. त्यांत होक्काइदोतील तपकिरी अस्वलाच्या हल्ल्याचाही समावेश आहे. नोव्हेंबरमध्ये अकिता प्रांतात पिंजरे लावण्याच्या कामासाठी सैन्याची मदत घ्यावी लागली. अकिता हा जपानमधील सर्वाधिक वृद्धांचा प्रांत आहे. रिकामी होत चाललेली गावे, न तोडलेली फळे आणि जंगलातील फळांचा खराब हंगाम ही तेथील कारणे पौडीच्या वाचकाला अनोळखी वाटणार नाहीत. श्रीमंत आणि सुसज्ज देशालाही गावे ओस पडल्यानंतर हा प्रश्न आवरणे कठीण गेले.

खर्च कोणी आणि केव्हा करायचा

बंदोबस्ताच्या बाजूने बोलताना एक मर्यादा मान्य करावी लागते. एका घराने गोठा पक्का केला, तर अस्वल शेजारच्या गोठ्याकडे वळू शकते. म्हणून अनुदान घरोघरी सुटे देण्याऐवजी वाडीला एकक मानून द्यायला हवे. ज्यांच्याकडे श्रमाला माणूस नाही, अशा वृद्ध आणि एकट्या महिलांचे गोठे आधी घ्यायला हवेत. रोजगार हमी योजनेतून गोठ्याचे बांधकाम यापूर्वीही झालेले आहे. त्या आराखड्यात जाळीचे छत, दुहेरी कडीचे दार आणि खिडकीचे गज यांची भर घालणे हा प्रशासकीय निर्णयाचा भाग आहे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

वेळही महत्त्वाची आहे. अस्वलाची भूक सप्टेंबरपासून वाढते. दार, छत आणि कुंपणाची तपासणी त्याआधी, पावसाचा जोर ओसरताच व्हायला हवी. ओकच्या फळांचा हंगाम कसा आहे, याचा अंदाज वनविभागाच्या कर्मचाऱ्यांना ऑगस्टच्या सुमारास येऊ शकतो. फळे कमी असतील त्या वर्षी गावांना आधीच सावध करण्याची व्यवस्था उभी राहिली, तर ती कोणत्याही गस्ती पथकापेक्षा स्वस्त ठरेल.

काळ्या अस्वलाला सर्वोच्च संरक्षण देण्याचा निर्णय संसदेने संपूर्ण देशाच्या वतीने घेतला. त्याचा भार मात्र प्रत्यक्षात जंगलालगतच्या काही हजार वाड्यांवर पडतो. त्या वाड्यांतील पशुपालकाकडून बंदूक काढून घेतली असेल, तर त्याच्या गोठ्याला भक्कम दार देण्याची जबाबदारीही त्याच निर्णयातून येते. ती भरपाईच्या धनादेशाने पूर्ण होत नाही. एकदा गाय गमावलेल्या आणि वयाची सत्तरी ओलांडलेल्या कुटुंबात पुन्हा गाय आणली जाण्याची शक्यता कमी असते. अशा घरांना कुलूप लागत गेले, की पडीक शेतांतील झुडपे आणखी पुढे सरकतील आणि अस्वलाला पुढच्या गावापर्यंत पोहोचायला कमी चालावे लागेल.